तीन खुंट्यांवरच्या थैल्या

वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या घरातली मागची खोली मेघानं शनिवारीच रिकामी केली होती. पोराची सायकल, जुन्या टीव्हीचं खोकं, लग्नात आलेली भांडी, सगळं गच्चीवर चढवलं आणि खिडकीला नवा पडदा लावला. रविवारी सकाळी ती वडनेरला माहेरी आली ती त्या खोलीचे फोटो मोबाईलमध्ये घेऊनच. बाबूजींना, तिच्या वडिलांना, दाखवायचे होते. पण दहा वाजले तरी सदाशिवराव दिवाणावर झोपलेले होते. तोंड उघडं, कपाळावर पट्टी. उशाशी आई हातपंखा घेऊन बसली होती, आणि वर छताचा पंखा फिरतच होता.

मेघाला ते पाहवेना. या माणसाला तिनं सकाळी सातनंतर कधी अंथरुणात पाहिलं नव्हतं. ती लहान असताना कापडाच्या दुकानाला शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर खडूनं आकडा. बाबूजी फळ्या काढत आणि तिच्या हातात देत, ती भिंतीशी उभ्या करी. सातवी फळी निघाली की आतला खळीचा वास अंगावर येई, नव्या कोऱ्या मांजरपाटाचा. मग बाबूजी गादीवर बसत, कंबरेच्या कडोसरीतून चाव्यांचा जुडगा काढून उशीखाली ठेवत, आणि दिवस सुरू होई. आजही नालवाडीच्या बाजारात कोरं कापड हातात आलं की ती आधी वास घेते. तिच्या नवऱ्याला, रुपेशला, त्याचं हसू येतं.

गेलं वर्षभर बाबूजी हातातून निसटत चालले होते. दिवाळीला त्यांनी मेघाला विचारलं, सासूबाई बऱ्या आहेत ना. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. दिवसा झोपायचे, रात्री उठून बसायचे. आणि आता मंगळवारी दुकानात पडले. धीरजचा फोन आला तेव्हा ती शाळेत होती, पाचवीचे पेपर तपासत.

बहीणभावाचं तसं दोन वर्षांपासून बरं नव्हतं. धीरजनं अर्धी गादी उचलून तिथं काचेचं काउंटर बसवलं तेव्हापासून. मेघा म्हणाली होती की बाबूजी जिवंत असताना तू त्यांची जागा कापली. धीरज म्हणाला होता, की गिऱ्हाइकाला आता गादीवर बसता येत नाही, गुडघे दुखतात, तू वर्ध्यात बसून काय सांगते. पण मंगळवारनंतर दोघांचं एक झालं. चार वाजता रुपेश गाडी घेऊन येणार. आई-बाबूजी नालवाडीला जाणार. दुकान धीरज पाहणार. फोनवर हे ठरायला पाच मिनिटं लागली होती, आणि फोन ठेवल्यावर मेघा स्वयंपाकघरात बसून रडली होती.

धीरज दुकान बंद करून बारा वाजता घरी आला. घर दुकानाच्या मागेच. मधलं दार ढकललं की झालं. येताना त्यानं खिशातल्या चाव्या मुठीत धरल्या, वाजू नयेत म्हणून.

मंगळवारचं त्याला कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. एका मास्तराला शर्टाचं कापड हवं होतं. बाबूजींनी तागा उघडला, मीटरपट्टी लावली, कात्रीची एक खूण केली आणि दोन्ही हातांनी फाडलं. कापड फाडण्याचा तो आवाज धीरजच्या कानात जन्मापासून आहे. बाबूजी कधी कात्रीनं पूर्ण कापत नसत. सुताची रेघ हाताला कळते, असं म्हणत. त्या दिवशी कापड तिरकं फाटलं. वीतभर कमी भरलं. ते पाहून बाबूजी धीरजकडे वळले आणि म्हणाले, "प्रेमदास, माह्या हाताले काय झालं रे?"

प्रेमदास म्हणजे बाबूजींचे मोठे भाऊ. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. धीरज काही बोलणार तोच बाबूजी काउंटरच्या कोपऱ्यावर आदळले.

त्याच संध्याकाळी धीरजनं त्यांच्या कडोसरीतून चाव्या काढून घेतल्या. पट्टी बांधलेले बाबूजी ग्लानीत होते. बुधवारपासून ते जागे झाले की कंबर चाचपत. पुन्हा चाचपत. विचारत मात्र नव्हते. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं धीरजला वाटे.

जेवायला पाटोडीचा रस्सा होता. सुमतीनं, धीरजच्या बायकोनं, सकाळपासून खपून केला होता, कारण मेघाला आवडतो. जेवताना मेघानं विचारलं की काउंटरचा कोपरा एवढा धारदार कशाला ठेवला. धीरज म्हणाला की कोपरा तिथंच आहे, माणूस पडला. मेघानं रस्सा पुन्हा वाढून घेतला. आज भांडायचं नाही हे दोघांनाही कळत होतं.

गुंजन, धीरजची मुलगी, वर्ध्याहून सकाळच्या बसनं आली होती. फार्मसी शिकून दीड वर्षापासून ती एका दवाखान्यात नोकरीला होती. वॉर्डात फिरून रोग्यांना काय काय औषधं चालू आहेत ते लिहून काढायचं, एकाचं दुसऱ्याशी जमतं की नाही ते पाहायचं आणि डॉक्टरांना सांगायचं, हे तिचं काम. घरात मात्र सगळे समजत की ती औषधं विकते.

हात धुऊन ती आजीकडे गेली. "आजी, आबाजींच्या गोळ्या दे. एका डब्यात भरून देते. आत्याच्या घरी शोधाशोध नको."

प्रमिलाबाई म्हणाल्या, "एका डब्यात नाई भरत बाई ते. तीन घरची आहेत."

आतल्या दारामागे तीन खुंट्या होत्या. पूर्वी तिथं सदाशिवरावांचा कोट, टोपी आणि छत्री असे. आता तीन कापडी थैल्या होत्या, प्रमिलाबाईंनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलेल्या. निळ्या पट्ट्यांची थैली हिंगणघाटच्या डॉक्टरची, शुगर आणि बीपीच्या गोळ्यांची. खाकी थैली वर्ध्याच्या हाडाच्या डॉक्टरची. फुलाफुलांची गावातल्या डॉक्टरची. इंग्रजी अक्षर प्रमिलाबाईंना वाचता येत नव्हतं, पण रंग येत होते. कापड दुकानदाराची बायको होत्या त्या. सकाळी निळीतली पिवळी आणि पांढरी, खाकीतली गुलाबी. दुपारी फुलांच्या थैलीतली लहान पांढरी. झोपताना तिन्हीतल्या मिळून सात. कागदाच्या पुड्या करून ठेवायच्या, दुकानात बटणं बांधून देत तशा.

"चार वर्षांत एक टाइम चुकवला नाई मी," त्या म्हणाल्या. त्यांना हे सांगताना बरं वाटलं. घरात आता त्यांच्याशिवाय कोणाला न जमणारं हे एकच काम उरलं होतं.

गुंजननं चादर पसरली आणि तिन्ही थैल्या तिच्यावर रिकाम्या केल्या. चार वर्षांत त्या गोळ्या कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

गुंजन एकेक पट्टी उचलून उलट्या बाजूचं बारीक वाचू लागली. अकरा प्रकार होते. वाचता वाचता ती काही पट्ट्या सरकवून जवळजवळ ठेवत होती. तिचा चेहरा पाहून मेघा दारात थांबली, आणि मेघा थांबली म्हणून धीरजही आला.

"आजी, ही कशासाठी दिली होती?"

"झोप येत नोहोती म्हणून. गावातल्या डॉक्टरनं."

"आणि ही?"

"पाय दुखून झोप येत नाई सांगतलं तर वर्ध्याच्यानं देल्ली."

"नावं वेगळी आहेत. आतलं औषध एकच आहे. रोज दुप्पट पोटात जाऊन राह्यलं." गुंजननं त्या दोन पट्ट्या बाजूला केल्या. मग तिनं तीन पट्ट्या ओळीत ठेवल्या. एक खाजेची, एक रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून, एक पायाच्या मुंग्यांची. कामं तिघींची वेगळी, तिनं सांगितलं, पण एक गुण तिघींचाही सारखा. तोंड सुकवतात, पोट बांधतात आणि म्हाताऱ्या माणसाचं डोकं गढूळ करतात. तरुण माणसाला एखादी चालून जाते. ऐंशी वर्षांच्या अंगातून औषध लवकर बाहेर पडत नाही, साचत राहतं. म्हाताऱ्या माणसाला कोणती औषधं देताना दोनदा विचार करायचा याची यादीच असते. तिच्या टेबलावर ती चिकटवलेली आहे. "या अकरातली सहा त्या यादीत आहेत, बाबा."

धीरज म्हणाला की तिन्ही डॉक्टर मोठे आहेत, हिंगणघाटच्याकडे तर नंबर लावायला सकाळी सहाला जावं लागतं. तू काल शिकली.

"डॉक्टर चुकले असं मी कुठं म्हणते? ज्यानं त्यानं आपापलं बरोबरच दिलं असेल. सगळं एका जागी कोणी पाहिलं नाही."

प्रमिलाबाईंच्या कानात मात्र एकच शब्द अडकला होता. गढूळ. तोंड सुकतं म्हणून हे रात्रभर पाणी मागत. पाणी पिऊन लघवीला उठत. पोट साफ होत नाही म्हणून गावातल्या डॉक्टरनं चूर्ण दिलं होतं, तेही त्या रोज कोमट पाण्यातून देत. आणि दिवाणावरून प्रेमदासभाऊजींना हाका सुरू झाल्या, त्या पायाच्या मुंग्यांची गोळी आल्यानंतरच. तागे रचावे तशा या गोष्टी एकावर एक त्यांच्यासमोर पडू लागल्या.

गुंजननं पिवळी गोळी हातात घेतली होती. शुगरची. जुन्या पद्धतीची, दिवसभर शुगर ओढत राहणारी. तिनं अगदी हळू विचारलं, "आजी, मंगळवारी सकाळी आबाजींनी काय खाल्लं होतं?"

"अंगारकी होती न मंगळवारी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "चंद्र निघेपर्यंत काई घेत नाईत ते. चाळीस वर्षं झाले." मग त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "पण गोळी चुकवली नाई मी."

स्वयंपाकघरात सुमतीनं नळ बंद केला.

मेघाच्या तोंडून निघून गेलं, "उपाशीपोटी शुगरची गोळी देल्ली, आई?"

आणि इथं धीरज, जो पाच दिवस मेघाच्या बाजूनं होता, तो आईच्या आणि तिच्या मधे येऊन उभा राहिला. आईला कोणी सांगितलं होतं काय, त्यानं विचारलं. उपास असला की गोळी घेऊ नका असं एकानं तरी सांगितलं? मेघा त्याच्यावर उलटली. तू दर वेळी सोबत जात होतास ना, तुला तरी तिन्ही थैल्या एकदा डॉक्टरसमोर ठेवता आल्या नाहीत?

"मी गाडीत बसत होतो," धीरज म्हणाला. "बाबूजी आत येऊ देत नोहोते मले. आणि दुसऱ्याची थैली ते घरूनच नेत नोहोते. तुले मालूम नाई काय काऊन?"

मेघाला मालूम होतं. त्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला मालूम होतं.

वडनेरच्या बाजारात तेव्हा कापडाची तीन दुकानं होती. एका दुकानात खरेदी करून दुसऱ्यात जायचं झालं, तर रीतभात जाणणारं गिऱ्हाईक पहिल्या दुकानाची थैली ओट्यावर, चपलांशेजारी ठेवून आत येई. थैली घेऊन गादीसमोर बसणं म्हणजे दुकानदाराच्या तोंडावर सांगणं की तुझ्याआधी मी दुसऱ्याकडे गेलो होतो. हा नियम प्रेमदासकाकांनी घरात असा बसवला होता की धीरज सात वर्षांचा असताना किराण्याची थैली घेऊन समोरच्या दुकानात शिरला, तेव्हा काकांनी त्याला कान धरून बाहेर आणलं होतं. सदाशिवराव तर गिऱ्हाईक म्हणून जिथं जात तिथं हा नियम पाळत. चपलांच्या दुकानात, सोनाराकडे, भांडेवाल्याकडे. आणि म्हातारपणी डॉक्टरांकडे. हिंगणघाटला जाताना निळी थैली. वर्ध्याला खाकी. दुसरं काही औषध चालू आहे का, असं कोणी विचारलं तर ते नम्रपणे सांगत, नाही साहेब, तुमचंच चालू आहे.

सदाशिवराव जागे झाले होते. किती वेळापासून, त्यांनाही सांगता आलं नसतं. हल्ली जागं होणं म्हणजे सरकी न काढलेल्या कापसाच्या ढिगातून वर येण्यासारखं होतं. तोंडात जीभ टाळूला चिकटलेली. आवाज आधी येत, त्यांचा अर्थ मागून येई. त्यांनी कंबर चाचपली. नव्हत्या.

समोर चादरीवर रंगीत काही पसरलं होतं. आधी त्यांना वाटलं, बटणं. दसऱ्याच्या आधी प्रेमदास असाच बटणांचा माल पसरून बसे, आणि दोघं भाऊ रंग निवडत. मग त्यांनी थैल्या ओळखल्या आणि ते एकदम उठून बसले.

"हे एकत्र कोणं केलं?"

गुंजन त्यांच्या पायाशी येऊन बसली. तिनं त्यांना सगळं सांगितलं, हळूहळू, मधे मधे थांबून. उद्या वर्ध्याला म्हाताऱ्या माणसांना पाहणाऱ्या एक डॉक्टरबाई असतात, त्यांच्याकडे या तिन्ही थैल्या घेऊन जाऊ. आपल्या मनानं काही बंद करायचं नाही, झोपेची गोळी तर एकदम मुळीच सोडायची नाही, त्यानं उलटा त्रास होतो. आज एकच करायचं, वेळेवर जेवायचं. आणि शुगरच्या गोळीचं मी आत्ताच फोनवरून डॉक्टरबाईंना विचारून घेते. तुमचं विसरणं सगळं गोळ्यांमुळेच आहे असंही मी म्हणत नाही, आबाजी. पण आधी हे पाहू.

सदाशिवरावांनी मान हलवली. नकाराची.

"चार वर्षं ज्या माणसाचं औषध खाल्लं, त्याच्यामागं त्याचा माल दुसऱ्याले दाखवू? मी असं केलं नाई कधी. माह्या भावानं केलं नाई."

"मग नालवाडीले चला," मेघा म्हणाली. "चार वाजता गाडी येते. खोली करून ठेवली आहे मी."

"जातो. ठेवाल तिथं राहतो." ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "चाव्या घेतल्याच तुमी. आता काय राह्यलं."

धीरजनं खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. त्याला वाटलं, बापानं मीटरपट्टीनं मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

तेव्हा गुंजन म्हणाली, "आबाजी, गुलाबबाईच्या वांग्याचं काय झालतं?"

सदाशिवराव तिच्याकडे पाहू लागले. प्रमिलाबाईंनी पंखा थांबवला. घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली होती की सुना-जावयांनाही पाठ होती, पण वर्षभरात कोणी काढली नव्हती.

"वांग्याचं नाई," ते म्हणाले. शब्द शोधायला वेळ लागला. "वांगी रंगाचं. पोरीच्या लग्नासाठी साडी घेतली तिनं हिंगणघाटले. मॅचिंग ब्लाऊजपीस घ्याले माह्याकडे आली. मोठी रीतीची बाई. साडीची थैली ओट्यावर ठेवून आली. मी म्हटलं, कोणता रंग. म्हणे वांगी. मी देल्लं वांगी." त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "तिचं वांगं जांभळं होतं, माह्यं वांगं काळं. लग्नात पाह्यलं मी. भर मांडवात बाई जांभळी, अन् हात काळे. नवरीच्या मामाले लोक विचारत, बाई चुलीत हात घालून आली काय. प्रेमदास तर पंगतीतून उठून बाहेर गेलता हसाले."

मेघा हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. लग्न तिलाही आठवत होतं, ती अकरा वर्षांची होती.

"मग आबाजी," गुंजन म्हणाली, "चूक कोणाची?"

कपाळावरची पट्टी सदाशिवरावांनी बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "तिची नाई. मी उठून ओट्यावरची थैली पाहाले पाह्यजे होती."

"साडी न पाहता त्या तीन जणांनी तुम्हाला ब्लाऊजपीस दिले आहेत. अकरा."

बाहेर रस्त्यावरून हैदराबादकडे जाणारा एक ट्रक गेला. मग सदाशिवराव प्रमिलाबाईंना म्हणाले, "धीरजची माय, तिन्ही थैल्या एका मोठ्या थैलीत घाल. कोरी घेजो. कोणाचं नाव नको तिच्यावर."

प्रमिलाबाई उठल्या नाहीत. त्यांनी पदरानं तोंड झाकलं होतं. "माह्याच हातानं चारल्या, अजी," त्या म्हणाल्या. "उपासाच्या दिवशीही."

"तू देल्ल्या, मी घेतल्या. तू इमानानं देल्ल्या." त्यांचा हात तिच्याकडे जायला निघाला आणि नेमका पोहोचला नाही, गुडघ्यावर पडला. "ऊठ. थैली पाह्य."

गाडी चारला आलीच. मेघानं ती परत पाठवली नाही आणि धीरजनंही पाठव म्हटलं नाही. वर्ध्याचा दवाखाना नालवाडीहून जवळ. तपासण्या होईपर्यंत तिथं राहावं, पुढचं पुढं, असं ठरलं. निघताना मेघा भावाला म्हणाली, "महिना-दोन महिने दे मले. खोली कायमची असं मी म्हणत नाई." धीरजनं मान हलवली. काउंटरचा कोपरा घासून गोल करून घेतो, तो म्हणाला.

सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या. सदाशिवरावांनी काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. मग ते वाकले आणि हातातली कोरी थैली चपलांशेजारी ठेवली. प्रमिलाबाई बोलणार होत्या, गुंजननं त्यांचा हात दाबला. म्हातारा तसाच वाकलेला राहिला. थैलीच्या बंदावर बोटं, डोळे उंबरठ्यावर. आतून नाव पुकारलं गेलं. दुसऱ्यांदा पुकारलं गेलं.

त्यांनी थैली उचलली.

आत जाऊन ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि हात जोडले. "बाई, तीन दुकानांचा माल आहे. एकत्र आणला. माफी असावी."

डॉक्टरबाई मध्यम वयाच्या होत्या. त्यांनी थैली आपल्याकडे ओढली आणि म्हणाल्या, "आजोबा, मी हेच मागणार होते. लोक आणत नाहीत."

पाऊण तास लागला. खाजेची त्यांनी त्याच दिवशी बंद केली. लघवीची आणि मुंग्यांची क्रमानं कमी करत थांबवायची ठरली. झोपेच्या दोनातली दुसरी पट्टी काढून घेतली आणि पहिलीही पाव-पाव गोळीच्या हिशेबानं कमी करत न्यायला सांगितलं, दर पंधरा दिवसांनी दाखवून. शुगरची बदलली. उपास असेल तर आधी फोन करायचा, हे त्यांनी प्रमिलाबाईंकडे पाहून सांगितलं, आणि गोळ्यांच्या डब्यावर कोणत्या वेळेला कोणता रंग ते कापडाचे तुकडे चिकटवून दाखवायची युक्ती प्रमिलाबाईंनी सुचवली तेव्हा त्या मान डोलावून म्हणाल्या, फार चांगलं. शेवटी तिन्ही डॉक्टरांना त्यांनी एकेक पत्र लिहिलं. सदाशिवरावांनी ती वाचून दाखवायला लावली. त्यात कोणाला कमी लेखलेलं नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली.

ते दिवस सोपे गेले नाहीत. नालवाडीच्या खोलीत कितीतरी रात्री त्यांना झोप नव्हती. खाज आली, चिडचिड झाली, एकदा ते मेघाला म्हणाले की तू मला मारायला आणलंस. ती नव्या पडद्याजवळ उभी राहून ऐकत राहिली. पण पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती चहा घेऊन गेली, तर ते पडद्याचं टोक चिमटीत धरून चोळत होते. म्हणाले, "कितीले देल्ला हा? सूत नाई यात. फसवलं तुले." मेघानं चहा खाली ठेवला आणि धीरजला फोन लावला. धीरज पलीकडून हसत होता की रडत होता ते तिला कळलं नाही.

अडीच महिन्यांनी ते वडनेरला परतले. सगळं पूर्वीसारखं झालं नव्हतं. नावं अजून अडकत. काल काय जेवलो ते सांगता येत नसे, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की यातलं थोडं वयाचं आहे, ते राहणार. पण प्रेमदासला हाका थांबल्या होत्या. आता ते त्याची आठवण काढत, हाका मारत नसत.

बाजाराच्या दिवशी सकाळी सात वाजता मधलं दार ढकलून ते दुकानात आले. काउंटरचे कोपरे गोल झाले होते. उरलेल्या गादीवर धुतलेली खोळ होती. ते बसले. उशी सारखी करताना हाताला काहीतरी गार लागलं. उशीखाली चाव्यांचा जुडगा होता. धीरज पाठमोरा उभा राहून तागे लावत होता आणि फारच मन लावून लावत होता. सदाशिवरावांनी चाव्या कडोसरीला खोचल्या.

दहाच्या सुमारास एक तरुण बाई पायरी चढली. नवीन लग्न झालेली दिसत होती. सासूनं शिकवून पाठवली असावी, कारण पायरीवर थांबून तिनं चपला काढल्या आणि हिंगणघाटच्या दुकानाची थैली चपलांशेजारी ठेवली. मग आत येऊन म्हणाली, ब्लाऊजपीस पाहिजे, मोरपंखी.

धीरजनं मोरपंखीचा तागा काढायला हात वर केला. सदाशिवरावांनी मीटरपट्टी त्याच्या वाटेत आडवी धरली.

"पोरी," ते म्हणाले, "थैली बाहेर काऊन ठेवली? जा, आत घेऊन ये. साडी पाह्यल्याशिवाय मी कापड फाडत नाई."